द्राक्षांच्या गावात मिरीचा वेल

नाशिकची हवा द्राक्षाची. पाऊस चार महिन्यांत उरकतो, थंडी कडक पडते आणि होळीनंतर हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचं धुणं तासाभरात वाळतं. द्राक्षाला हे मानवतं. ऑक्टोबर छाटणीनंतर चार दिवस ढगाळ राहिलं तरी बागायतदाराच्या तोंडचं पाणी पळतं, कारण ओल्या हवेत डावणी नावाचा बुरशीचा रोग पानांवर उतरतो. माझा जीव मात्र ज्या झाडांवर आहे ती नेमकी ओल्या हवेची आहेत. मिरी, वेलदोडा, नेचे म्हणजे फर्न, आमरी म्हणजे ऑर्किड, अळूच्या घराण्यातली रुंद पानांची सगळी मंडळी. सदाहरित जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी.

ती नाशिकमध्ये होतात, आणि छान होतात. त्यांना इथे नेमकं काय कमी पडतं ते कळायला हवं, आणि ते मला बागकामाच्या व्हिडिओंपेक्षा त्र्यंबक रस्त्याला आणि इगतपुरीच्या बाजूला फिरताना जास्त कळलं.

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. इथून ४५ किलोमीटरवर, इगतपुरीत, ३००० मिलिमीटरच्याही वर. एवढ्या पावसावर इगतपुरीला केरळसारखं घनदाट सदाहरित जंगल असायला हवं असं कुणालाही वाटेल. तसं ते नाही. ओढ्याकाठी, कड्याच्या पोटाशी, एखाद्या देवराईत सदाहरित झाडांचे पट्टे आहेत, बाकीचे डोंगर उन्हाळ्यात बोडके होतात. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला कोरडा काळ जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो. जूनआधी वळीव, दिवाळीच्या सुमारास परतीचा पाऊस, त्यामुळे जमिनीतली ओल तुटतच नाही. जसजसं उत्तरेला यावं तसतसा हा कोरडा काळ लांबत जातो आणि आपल्याकडे आठ महिन्यांवर पोचतो. सगळं पाणी जून ते सप्टेंबरात कोसळतं, बेसॉल्टच्या उतारांवरून वाहून जातं, आणि पुढे मेअखेरपर्यंत झाडाने आपलं आपण निभवायचं. कुठलं झाड कुठे टिकेल हे त्या आठ महिन्यांवर ठरतं.

माझ्या बागेतलं काम म्हणजे या झाडांचे ते आठ महिने भरून काढणं. बाकी सगळं त्यात येतं.

बाग म्हणते, पण ती खरं तर बोळ आहे. आमचं घर महात्मानगरातलं, जुनं. घराची दक्षिणेकडची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये पाचेक फूट रुंदीची लांबट जागा आहे आणि मागच्या कोपऱ्यात आंब्याचं मोठं झाड. शेजारी चार मजली इमारत उभी राहिली तेव्हा बोळातलं ऊन गेलं. गुलाब गेले, मोगरा फुलेनासा झाला. घरात सगळे हळहळले. पण जंगलाच्या तळाशी पोचणारा उजेड असाच असतो, गाळलेला, कडेकडेने येणारा. गुलाबाला जे मारक तेच नेच्याला हवं. उन्हाळ्यात मात्र एक अडचण येते. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो, उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत तास-दीड तास ऊन थेट बोळात उतरतं. तेवढ्यासाठी पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी एप्रिलमध्ये बांधायची आणि पाऊस लागला की सोडायची.

मिरी आली ती आईंबरोबर. माझ्या सासूबाई दापोलीकडच्या. त्यांच्या माहेरच्या आगरात सुपारीवर, नारळावर, जिथे जागा मिळेल तिथे मिरी चढलेली असायची. एका पावसाळ्यात त्या परतल्या ते ओल्या फडक्यात वेलाची चार-पाच पेरं गुंडाळूनच. मी कुंडी काढायला गेले तर म्हणाल्या, “कुंडी कशाला गं? आंबा आहे ना दारात. उत्तरेच्या अंगाने लाव, म्हणजे बुंध्याची सावली पडेल. आणि पहिली दोन वर्षं मिरी मागू नकोस तिच्याकडे.” लागवडीतलं सगळं शहाणपण त्या चार वाक्यांत आलं होतं. उत्तरेच्या बाजूने लावलेल्या वेलावर दक्षिणेकडून येणारं हिवाळी ऊन पडत नाही, कोवळी पेरं भाजत नाहीत.

मिरीचा वेल जवळून बघण्यासारखा आहे. त्याला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. एक वर चढणारी, जिच्या प्रत्येक पेरातून बारीक मुळांचा झुपका निघतो आणि आंब्याच्या खरबरीत सालीला घट्ट धरतो. दुसरी आडवी सुटणारी, तिला मुळं नसतात. फुलं फक्त या आडव्या फांद्यांवर येतात. पानाच्या बरोबर समोर, पेराच्या दुसऱ्या अंगाला, बोटभर लांबीचा फिकट पिवळसर तुरा लोंबतो. फूल म्हणून ओळखू येईल असं त्यात काही नसतं. पाकळी नाही, वास नाही. भिंग लावलं की तुऱ्यावर दाटीने बसलेले ओलसर, चमकणारे ठिपके दिसतात. हीच फुलं. इथे पावसाचा थेंब माशी-मधमाशीचं बरंचसं काम करतो. तुऱ्याच्या वरच्या भागातले परागकण पाण्याबरोबर खालच्या फुलांवर उतरतात. म्हणून तुरे लागतात ते जून-जुलैत. नाशिकची रिपरिप त्यांना फार चांगली. पण जुलैत पंधरा दिवस उघडीप पडली तर मी बारीक छिद्रांच्या झारीने संध्याकाळी वेलावरून पाणी सोडते, आणि त्या वर्षीचे घोस भरगच्च लागतात.

पुढे दाणे हिरवेच राहतात, हिवाळाभर. जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या घोसात एक-दोन दाणे लालसर झाले की तो घोस उतरवायचा. दाणे सोडवून, मिनिटभर कढत पाण्यात बुडवून उन्हात घातले की दोन दिवसांत काळे पडतात, सुरकुततात. हे वाळवण नाशिकच्या उन्हात दापोलीपेक्षा लवकर होतं, हे आईंनी स्वतः कबूल केलं. ज्यांच्याकडे झाड नाही, फक्त गच्ची किंवा बाल्कनी आहे, त्यांनी आडव्या फळफांदीचा तुकडा रुजवावा. तो वर चढतच नाही, कुंडीत झुडूप होऊन बसतो आणि तिथेच मिरी देतो. कोकणातल्या रोपवाटिकांत ‘झुडपी मिरी’ म्हणून मिळतो.

मिरी मूळची आपल्या सह्याद्रीतली, मलबारच्या सदाहरित रानातली. फणसही या पश्चिम घाटातलाच. कोकम, वेलदोडा, सुरंगी, सगळी याच रानांची लेकरं. बकुळसुद्धा, जिच्या फुलांचे गजरे आपण माळतो. सदाहरित जंगल म्हटलं की ॲमेझॉन डोळ्यांपुढे येतं, पण आपल्या मसाल्याच्या डब्यात आणि सोलकढीत ते रोज असतं. वेलदोडा माझ्याकडे आहे, पण त्याने कधी फळ धरलं नाही. आपली जानेवारीची थंडी त्याला सोसत नाही. मी तो पानांसाठी ठेवला आहे.

आता पाण्याविषयी. कॅलेथिया या शोभेच्या झाडाच्या, नेच्याच्या पानांच्या कडा मार्चपासून करपायला लागतात तेव्हा बहुतेक लोक कुंडीत आणखी पाणी घालतात. माती चिकट होते, मुळं कुजतात, आणि पान करपायचं थांबत नाही, कारण कोरडी असते ती हवा. पानातून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या ओढण्यापेक्षा जास्त होतो आणि सगळ्यात आधी मरतं ते पानाचं टोक. माझ्याकडे साधा आर्द्रतामापक आहे. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर त्याचा काटा विसाच्या खाली उतरतो. त्याच वेळी बोळात चाळिशीच्या पुढे असतो. फरक पडतो तो गोणपाटाने. कंपाउंडच्या भिंतीवर गोणपाटं खिळली आहेत, सकाळी आणि दुपारी ती भिजवायची. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवायच्या, खाली वाळूचं ओलं ताट. भांडी कच्च्या मातीची, न रंगवलेली, म्हणजे त्यांच्या अंगातूनही ओल झिरपते. आणि आंब्याची पडलेली पानं एकही बाहेर टाकायची नाहीत.

हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सदाहरित जंगलात झाडांचं अन्न बव्हंशी वरच्या पालापाचोळ्याच्या थरात असतं. पान पडतं, बुरशी त्याला लगेच धरते, मुळं वर येऊन ते परत उचलतात. बोळात वीतभर पाचोळा साचला आहे. वरची पानं उचलली की खालच्या बाजूला पांढऱ्या बुरशीचे तंतू पसरलेले दिसतात, पानाच्या शिरांची जाळी तेवढी उरलेली असते आणि मिरीची कोवळी मुळं त्यात थेट घुसलेली असतात. खाली ओल चार दिवस टिकते. आमच्या कॉलनीत रोज सकाळी पानं झाडून पेटवतात, तो धूर बघितला की माझा जीव तुटतो.

बोअरचं पाणी नेच्यांना घालत नाही, त्यातल्या क्षारांचा पांढरा थर पानांवर आणि कुंडीच्या कडांवर बसतो. छपराचं पावसाचं पाणी पिंपात धरते, ते साधारण दिवाळी ओलांडेपर्यंत पुरतं. मग नळाचं, रात्रभर उघडं ठेवलेलं.

अळूबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्याकडे ज्याला अंगण आहे त्याच्याकडे मोरीच्या पाण्यावर अळू असतोच. आता घरोघरी दिसणारं मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेन्ड्रॉन, अँथुरियम, पीस लिली ही सगळी अळूच्याच कुळातली आहेत. सुरण त्यातला, पहिल्या पावसात बाजारात येणारी शेवळं त्यातली, आणि डोंगरात जूनमध्ये फणा काढून उभा राहणारा सापकांदाही. फुलाकडे पाहिलं की नातं लगेच कळतं. मध्ये एक दांडा, त्यावर बारीक फुलं खचून भरलेली, आणि त्याच्याभोवती एकच मोठं वेगळ्या रंगाचं पान गुंडाळलेलं. अँथुरियममध्ये ते लाल, पीस लिलीत पांढरं, शेवळात काळपट जांभळं.

माझी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमधली. निवृत्त झाल्यावर एक जुना मायक्रोस्कोप विकत घेतला, तो स्वयंपाकघरालगतच्या टेबलावर असतो. अळूच्या देठाचा रस काचपट्टीवर घेऊन पाहिला की सुयांचे जुडगे दिसतात, दोन्ही टोकांना अणकुचीदार, एकेका पेशीत गठ्ठ्याने रचलेले. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. घशाला खाज सुटते ती यांनी. मॉन्स्टेराच्या देठात तशाच सुया, मनी प्लांटमध्येही. अळूच्या फदफद्यात आपण चिंच का घालतो, शेवळं काकडाच्या फळांबरोबरच का शिजवायची, हे त्र्यंबक रस्त्यावर रानभाज्या विकणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या एका शब्दात सांगतात: “खाजतं.” ॲमेझॉनच्या किंवा मेक्सिकोच्या जंगलातल्या वेलात आणि आपल्या फदफद्यात हे एकच हत्यार आहे, जनावरांनी पान खाऊ नये म्हणून.

मनी प्लांट पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचं. बाटलीत पाण्यात ठेवलं की त्याची पानं आयुष्यभर तळहाताएवढीच राहतात. तेच झाडावर चढू दिलं की पान मोठं होत जातं, आणि बुंध्यावर बरंच वर पोचल्यावर सुपाएवढं होऊन कडेने फाटायला लागतं. गंगापूर रोडवरच्या जुन्या बंगल्यांत जांभळीवर, नारळावर चढलेले असे वेल आहेत. जाता-येता नक्की मान वर करून बघा. हा वेल बाळपणी अंधाराकडे सरकतो, कारण अंधार म्हणजे मोठ्या झाडाचा बुंधा जवळ असण्याची खूण, आणि बुंधा सापडला की मग उजेडाकडे वळतो. असा स्वभाव मॉन्स्टेराच्या रोपांत नोंदला गेला आहे, आणि घरात मनी प्लांट कपाटामागे शिरतो तेव्हा मला तोच आठवतो.

पण मला घराबाहेरचं जास्त सांगायचं आहे.

पांडवलेणीला पावसाळ्यात लोक दर्शनाला आणि फोटोला येतात. मी जाते ती लेण्यांच्या बाजूच्या कातळासाठी. जिथे पाणी झिरपतं तिथे हंसराज उगवतो. काळ्या, तकतकीत, केसासारख्या देठावर पंखाच्या आकाराच्या नाजूक पानांची ओळ. हा नेचा चालतो. पानाचा देठ लांबत जातो, टोक वाकून कातळाला किंवा मातीला टेकतं, तिथे मुळं फुटतात आणि नवं रोप होतं. त्या रोपाचं पान पुन्हा वाकतं. सप्टेंबरात गेलं तर एका रेषेत आई, मुलगी, नात असे तीन-चार टप्पे दिसतात.

आमच्या बोळात नळाखालच्या भिंतीत हंसराज आपला आपण आला. कुणी लावला नाही, बीजाणू वाऱ्यावर आले असणार. त्याच्या पानाच्या कडा जागोजागी आत दुमडलेल्या असतात. ती दुमड सुईने उलटून पाहिली की तपकिरी दाण्यांची रांग दिसते. एक तुकडा मायक्रोस्कोपखाली, दिव्याच्या उबेत ठेवावा आणि वाट बघावी. प्रत्येक दाणा म्हणजे एक डबी, तिच्या पाठीवर जाड भिंतींच्या पेशींचा पट्टा. ऊब लागली की पेशींतलं पाणी कमी होतं, पट्टा मागे ताणला जातो, डबी फाटते आणि ताण असह्य झाला की पट्टा एका क्षणात परत झडप घालतो. बीजाणू लांब फेकले जातात. हे सगळं इतकं झटकन होतं की डोळा लावून बसावं लागतं. नातीला दाखवलं तर ती ओरडली, “आजी, हे उड्या मारतायत!” नंतर ती आणि मी किती वेळ तिथे बसलो होतो कुणास ठाऊक. कोरडेपणा हा नेच्याचा शत्रू, हे मी वर लिहिलं, पण बीजाणू उडवायला त्याला कोरडी हवाच लागते. हे कळल्यापासून मी बोळातला सगळा भाग सारखा ओला ठेवत नाही.

अंजनेरीचा डोंगर नाशिकपासून २० किलोमीटरवर, उंची जवळपास १३०० मीटर. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून वर्षभर भाविक असतात. २०१७ मध्ये त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. घळीतून पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंचे कडे पावसाळाभर ठिबकत असतात, तिथे नेचे, शेवाळ, बिगोनिया यांची नुसती झिम्मड. उतारांवर कारवी, जी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. वर पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवे, तेरडा, सोनकी. या पठाराचं नाव लावणारं एक कंदीलपुष्पही आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, जगात फार थोड्या जागी सापडणारं. त्याला शोधायला गवतात शिरू नये. पायाखाली काय चिरडतं ते आपल्याला दिसत नाही.

अंजनेरीला मी ऋतू बदलून जाते आणि तेच झाड पुन्हा बघते. आठ कोरडे महिने कोण कसं काढतं ते त्याशिवाय दिसत नाही. कंदीलपुष्प, रानहळद, सापकांदा जमिनीखाली जातात, ऑक्टोबरनंतर वर त्यांचा मागमूस राहत नाही. सापकांद्याचं तर असं की कंद लहान असेल त्या वर्षी नर फूल येतं, कंद पोसला की मादी. फळं धरायची ताकद आधी साठवायची, मग आई व्हायचं. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी घरातल्या रानहळदीच्या कुंडीला नोव्हेंबर ते मे पाणी घालणं पूर्ण बंद केलं. कुंडी मोकळी दिसते, ती तशीच असू द्यायची. जूनमध्ये जांभळट गुलाबी तुरा मातीतून वर येतो आणि त्यातून पिवळी फुलं डोकावतात.

दुसरी तऱ्हा झाडावर राहणाऱ्यांची. त्र्यंबक आणि इगतपुरीच्या वाटांवर जुन्या आंब्यांच्या बेचक्यांत बाशिंग दिसतं. या नेच्याला दोन प्रकारची पानं. लांब, हिरवी, चिरलेली पानं पावसाळ्यात अन्न तयार करतात आणि उन्हाळ्यात गळतात. दुसरी बुटकी, रुंद, लवकरच तपकिरी होणारी, पण वर्षानुवर्षं न गळणारी. ती फांदीला चिकटून एक कप्पा करतात आणि त्यात वरून पडणारा पालापाचोळा, धूळ, पक्ष्यांची विष्ठा साठते. जमिनीपासून दोन माणसं उंचीवर स्वतःची माती तयार करणारं झाड! मेमध्ये ते मेलेलं वाटतं. त्याची बुटकी पानं एवढ्या उंचीवर तोच पाचोळा धरून असतात, जो मी बोळात राखते.

आमरीचंही तसंच. पांढऱ्या फुलांची डेंड्रोबियम पानं टाकून नागड्या कांड्यांवर फुलते, ऐन फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्यात. घरी आंब्याला बांधलेली संकरित डेंड्रोबियम नर्सरीतली आहे. तिची लोंबती मुळं रुपेरी पांढरी दिसतात. पाणी पडलं की बघता बघता हिरवी होतात, कारण मुळावरचं स्पंजासारखं आवरण पाणी पिऊन पारदर्शक होतं आणि आतला हिरवा भाग दिसायला लागतो. मूळ पांढरं असेल तर पाणी द्यावं, हिरवं असेल तर थांबावं. आमरीला पाणी केव्हा द्यायचं हे मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी इतकंच सांगते.

तिसरी तऱ्हा म्हणजे खरी सदाहरित झाडं, जांभूळ आणि अंजन. इगतपुरीजवळच्या ओढ्यांकाठी ही एप्रिलमध्येही गर्द असतात. पान हातात घेतलं की चामड्यासारखं जाड, वरून तुकतुकीत. केरळातल्या दमट जंगलातल्या पातळ, मोठ्या पानांपुढे ती लहान आणि चिवट वाटतात. त्यातला अंजन माझा विशेष लाडका. उन्हाळा चढत असताना त्याच्या जून फांद्यांवर, पानांखाली, निळ्या फुलांचे झुबके थेट लाकडातून फुटल्यासारखे येतात. बाकी डोंगर पिवळा पडलेला असताना ती निळाई बघायला मी खास जाते. या दिवसांत डोंगराला वणवे लागतात. बहुतेक लावलेलेच. मोठी झाडं जगतात, पण सदाहरित झाडांची कोवळी रोपं गवताबरोबर जळतात, आणि एका वणव्याने त्या पट्ट्याची कड आणखी आत सरकते. आधीच आठ महिने कोरडे, त्यात ही भर. गवत पेटवलं की पुढचं गवत चांगलं येतं, असं मानणारे भेटले की मी वाद न घालता त्यांना जळालेलं अंजनाचं रोप दाखवते.

डोंगरातून मी काही आणत नाही. बी नाही, कंद नाही, झाडावरून पडलेली आमरी नाही. बोळातलं सगळं नर्सरीतलं, आगरातलं किंवा मैत्रिणींच्या कुंडीतून आलेलं. रानहळदही एका मैत्रिणीच्या घरच्या कुंडीतून आली आहे.

कुणाला सुरुवात करायची असेल तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात करा, उन्हाळ्यात नव्हे. पावसाळाभर मुळं धरू द्यावीत, म्हणजे मार्चपर्यंत झाड उभं राहतं. नाशिकमध्ये सर्वांत निभावणारी म्हणून मी मिरी, बकुळ आणि साधा नेफ्रोलेपिस नेचा सांगेन. कॅलेथियाचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. फिरायला जायचं तर श्रावणातल्या सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, त्र्यंबकच्या बाजूला ब्रह्मगिरी फेरीची प्रचंड गर्दी असते, झाडं बघायला मधला वार निवडा. पायांत घट्ट पकडीचे बूट, कारण ओल्या कातळावरचं शेवाळ फार निसरडं असतं. आणि दहा पटीचं छोटं भिंग दोरीने गळ्यात बांधून न्या. कातळापाशी थांबलात की आधी पानाची मागची बाजू बघा.